फूल की दोन पानं? सार्वमताचा नकाशा वाचायला शिकताना

आमच्या गावच्या देवळात कौल लावतात तेव्हा पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि सगळी मंडळी पापणी न लववता बघत बसतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण जुनी माणसं पाकळीपेक्षा गाऱ्हाण्याकडे, म्हणजे देवापुढे प्रश्न कसा घातला त्याकडे, जास्त कान देऊन असतात. 'विहीर खणू की नको' असं विचारायचं की 'या कोपऱ्यात खणू की त्या कोपऱ्यात', यावरून मानकऱ्यांची जुंपलेली मी पाहिली आहे. देव उत्तर देणार ते विचारलेल्या प्रश्नाचं. मनातल्या प्रश्नाचं देणार नाही.

सार्वमताचे आकडे वाचायला बसणाऱ्या नवख्याला मी आधी हीच गोष्ट सांगतो. कुठल्याशा देशात राज्यघटनेवर सार्वमत होतं, दुसऱ्या दिवशी दोन रंगांत रंगवलेला नकाशा मोबाईलवर येतो आणि आपण लगेच 'उत्तरेने असं केलं, किनाऱ्याने तसं केलं' म्हणायला लागतो. मीही म्हणायचो. तो नकाशा नीट वाचायचा तर काय काय करावं, ते इथे पायरीपायरीने लिहितो. सरावाला आपल्याच किनाऱ्यावरचा कौल घेऊ: १६ जानेवारी १९६७, गोवा.

आधी एक खुलासा. भारताच्या राज्यघटनेत दुरुस्तीसाठी देशभर सार्वमत घेण्याची सोय नाही. कलम ३६८ प्रमाणे संसद दुरुस्ती करते आणि काही बाबतींत किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता लागते. जनता पक्षाच्या काळात, १९७८ साली, घटनेच्या गाभ्याला हात लावायचा तर सार्वमत घ्यावं अशी तरतूद विधेयकात आली होती. राज्यसभेत ती गळाली. त्यामुळे आपल्याकडे सराव करायचा तो प्रादेशिक कौलांवरच. त्यात सगळ्यांत वाचण्याजोगा गोव्याचा.

पहिली पायरी: प्रश्न जसाच्या तसा वहीत उतरवा

गोव्याच्या मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण. दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश म्हणून राहणं. दमण आणि दीवला गुजरातबद्दल असाच प्रश्न होता. तिसरं चिन्ह नव्हतं. 'गोव्याचं स्वतंत्र राज्य हवं' म्हणणाऱ्याला मत द्यायला जागाच नव्हती, तो दोन पानांकडे गेला. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला तो थेट ३० मे १९८७ ला, कौलानंतर वीस वर्षांनी.

म्हणून वहीत प्रश्नाखाली एक ओळ लिहायची सवय लावा: 'ज्याला यातलं काहीच नको होतं, तो कुठे गेला असेल?' दोन पानांच्या त्या ढिगात कोण कोण होतं बघा. कोकणी ही स्वतंत्र भाषा आहे असं मानणारे. महाराष्ट्रात गेलो तर नोकऱ्या बाहेरचे नेतील म्हणणारे. महाराष्ट्रातल्या दारूबंदीची धास्ती घेतलेले माडाची सूर काढणारे. आणि, हे मला फार मजेशीर वाटतं, गोव्याचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर पदावर टिकावेत म्हणून त्यांच्याच, विलीनीकरण मागणाऱ्या, पक्षाविरुद्ध मत देणारे. विलीनीकरण झालं असतं तर गोव्याची विधानसभाच गेली असती, मग भाऊंचं मुख्यमंत्रिपद कुठलं राहायला? हा मुद्दा तेव्हाच्या प्रचारात उघडपणे मांडला गेला होता.

नकाशावर या सगळ्यांचा रंग एकच. म्हणून कुठलाही रंग बघितला की त्यात किती माणसं वेगवेगळ्या वाटांनी आली असतील, हे आधी मनाशी मोजायचं.

दुसरी पायरी: भागाकार कशाने केला ते बघा

इथे मी स्वतः आपटलो आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. गोव्याच्या कौलाचे आकडे असे:

दोन पानं १,७२,१९१. फूल १,३८,१७०. फरक ३४,०२१. एकूण पडलेली मतं ३,१७,६३३, त्यात बाद ७,२७२. मतदार सुमारे ३ लाख ८८ हजार.

बहुतेक ठिकाणी तुम्हाला '५४.२ विरुद्ध ४३.५ टक्के' असं वाचायला मिळेल. बेरीज करा: ९७.७. उरलेले सव्वादोन टक्के कुठे गेले? बाद मतांत. म्हणजे टक्केवारी काढताना बाद मतंही छेदात धरली आहेत. फक्त वैध मतं धरली तर दोन पानांना ५५.५ आणि फुलाला ४४.५ टक्के येतात. दोन्ही बरोबर. चूक होते ती एक आकडा या हिशोबातला आणि दुसरा त्या हिशोबातला घेऊन तुलना केली की. मी एका स्थानिक अंकात नेमकं हेच छापून बसलो होतो आणि एका निवृत्त गुरुजींचं पोस्टकार्ड आलं: 'आपली बेरीज शंभर होत नाही.' बस, एवढंच.

तिसरा छेदही आहे: एकूण मतदार. त्या हिशोबाने दोन पानांना सुमारे ४४ टक्के पडतात, निम्म्याहून कमी. हा हिशोब उगाच काढला असं वाटत असेल तर दारूबंदीची गावातली मतदानं आठवा. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. तिथे झालेल्या मतदानात नुसती आघाडी पुरत नाही; यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. घरी बसलेली बाई आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूला जाते. गोव्याला हा नियम लावला असता तर ८२ टक्क्यांच्या आसपास मतदान होऊनही कुठलीच बाजू पार गेली नसती.

तेव्हा कुठल्याही देशाचं सार्वमत असो, जिंकण्याचा नियम आधी शोधायचा. ऑस्ट्रेलियात घटनादुरुस्तीला देशभर बहुमत हवं, शिवाय सहापैकी किमान चार राज्यांत बहुमत हवं. १९७७ साली तिथे दोन्ही सभागृहांच्या निवडणुका एकत्र घेण्याचा प्रस्ताव होता. ६२ टक्के लोक 'हो' म्हणाले आणि प्रस्ताव पडला, कारण तीनच राज्यांत बहुमत मिळालं. क्वीन्सलँड, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया आडवे आले. अशा देशात प्रादेशिक नकाशा शोभेचा नसतो, निकालच त्याच्यावर ठरतो. गोव्यात तसं नव्हतं. कुठल्या मतदारसंघात कोण पुढे, याला निकालाच्या दृष्टीने काडीची किंमत नव्हती. सगळी मतं एका टोपलीत. 'अमुक तालुका जिंकला' ही भाषा तिथे आपण नंतर चिकटवलेली आहे.

तिसरी पायरी: नकाशाच्या खाली जुना नकाशा ठेवा

गोव्याचा कौल तालुकावार बघितला की एक रेघ दिसते. साष्टीत दोन पानांची आघाडी दणदणीत. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या बाजूला फुलाचा जोर. (शोधाशोध करताना एक सांभाळा. 'साष्टी' नावाने शोधलं तर मुंबई-ठाण्याची साष्टी पुढ्यात येते. गोव्यातली साष्टी म्हणजे मडगावची. मी एकदा अर्धा दिवस वसईच्या तहात हिंडत होतो.)

ही रेघ १९६७ सालची नव्हे. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी हे प्रदेश सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पोर्तुगीजांकडे गेले. त्यांना जुन्या काबिजादी म्हणतात. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेले, त्या नव्या काबिजादी. एकीकडे साडेचारशे वर्षं, दुसरीकडे पावणेदोनशे. जुन्या काबिजादीत धर्मांतर, चर्च, पोर्तुगीज शाळा खोल रुजल्या. नव्या काबिजादीत देवळं राहिली, घाटावरचं आणि सावंतवाडीकडचं येणंजाणं राहिलं, लिहिण्यावाचण्यात मराठी राहिली. आमच्या आतेचं सासर पेडण्याला. तेरेखोलच्या पलीकडे सोयरीक करायची म्हणजे परमुलखात द्यायची असं तिच्या वेळेस कुणाला वाटलं नव्हतं. अर्धे नातेवाईक या तीरावर, अर्धे त्या तीरावर. अशा तालुक्यात फुलाला मतं पडली तर त्यात कोडं काय?

पण या रेघेच्या प्रेमात पडू नका. नवखा माणूस इथेच अडकतो. जुनी रेघ सापडली की त्याला सगळं समजल्यासारखं वाटतं आणि तो पुढच्या पायऱ्या चढतच नाही. जुन्या काबिजादीतही फुलाला मतं पडली, नव्या काबिजादीतही पानांना पडली. तालुका एका रंगात रंगवला की ती सगळी पुसली जातात. जमलं तर नकाशा दोन रंगांऐवजी छटांत रंगवा. पंचावन्न टक्क्यांची फिकी छटा आणि पंच्याऐंशी टक्क्यांची गडद छटा शेजारी ठेवली की डोकं ताळ्यावर राहतं.

'किनारा' या शब्दाचंही तसंच. तुर्कस्तानात २०१७ साली राष्ट्राध्यक्षीय पद्धत आणण्यासाठी घटनादुरुस्तीवर सार्वमत झालं, जेमतेम ५१.४ टक्क्यांनी 'हो' जिंकलं. बातम्यांत आलं, किनाऱ्याने नाकारलं. एजियन समुद्राच्या बाजूने बघितलं तर खरंच आहे. पण काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर 'हो'चा जोर होता. समुद्र असून कौल उलटा. खारं वारं सगळीकडे सारखंच असतं, मतं त्यावर ठरत नाहीत. बंदर, व्यापार, कोण कुठून येऊन वसलं, शेजारी कोण, यावर ठरतात.

चौथी पायरी: शेजारी दुसरं मतदान मांडा

ही एकच पायरी नीट केलीत तरी बाकीच्या निम्म्या आपोआप होतात.

गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली आणि विलीनीकरण हाच जाहीर कार्यक्रम असलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. 'मगो'चं म्हणणं सरळ होतं: आम्हाला निवडून दिलं म्हणजे विलीनीकरणाला कौल दिला, आता वेगळं काय विचारायचं? युनायटेड गोवन्स पक्षाचे डॉ. जॅक सिक्वेरा म्हणत होते, विचारायचं, आणि थेट लोकांना विचारायचं. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनी दिल्लीत त्यासाठी खूप खटपट केली. शेवटी १९६६ च्या डिसेंबरात संसदेने कायदा केला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांनी राजीनामा दिला.

आता तीन तारखा एका ओळीत ठेवा. डिसेंबर १९६३: मगो जिंकला. जानेवारी १९६७: मगोचं फूल हरलं. मार्च १९६७: विधानसभेची निवडणूक झाली आणि ३० पैकी १६ जागा घेऊन मगो पुन्हा सत्तेवर. अडीच महिन्यांत तेच मतदार. नाराज झाले, पुन्हा खूश झाले, असलं काही झालं नव्हतं. त्यांच्या पुढ्यात दोन वेगळे प्रश्न आले, त्यांनी दोन वेगळी उत्तरं दिली. कूळ, मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा), बहुजन समाजातला शिकू लागलेला मुलगा यांना भाऊसाहेबांचं सरकार हवं होतं. त्यातल्या काहींना मुंबईचं सरकार नको होतं. पक्षाचं मत आणि प्रश्नाचं मत हे दोन वेगळे कप्पे आहेत, हे मला पुस्तकं वाचून नाही, या तीन तारखा एका कागदावर लिहिल्यावर कळलं.

करून बघायचं तर कागदावर चार रकाने आखा: प्रदेश, आधीची निवडणूक, सार्वमत, नंतरची निवडणूक. ज्या ओळीत तिन्ही आकडे सारखे, ती ओळ सोडून द्या. तिथे लोकांनी पक्षाच्या मागे जाऊन मत दिलं. ज्या ओळीत मधला आकडा उडी मारतो, तिथे खूण करा. तुमचं काम त्या ओळींवर.

कधी कधी उडी उलट्या बाजूने सापडते. केनियात २००५ साली नव्या घटनेच्या मसुद्यावर सार्वमत झालं. तिथेही चिन्हं होती, केळं म्हणजे 'हो', संत्रं म्हणजे 'नाही'. न्यान्झा प्रांताने संत्र्याला भरभरून मतं दिली. २०१० साली दुसरा मसुदा आला तेव्हा तोच प्रांत तितक्याच जोराने 'हो' म्हणाला. मधल्या काळात मसुदा बदलला होता हे खरं. पण त्या भागाचे नेते रायला ओडिंगा २००५ ला विरोधात होते आणि २०१० ला बाजूने, हेही खरं. म्हणजे गोव्यात लोकांनी नेता ठेवून प्रश्नावर वेगळं मत दिलं, आणि इथे नेता जाईल तिकडे प्रदेश गेला. दोन्ही होतं. कुठे कुठलं झालं हे शेजारचं मतदान मांडल्याशिवाय कळत नाही.

पाचवी पायरी: धर्म आणि भाषेचा हिशोब, तोंडाने नको, कागदावर

'ख्रिस्त्यांनी विरोध केला म्हणून विलीनीकरण हुकलं' हे वाक्य आमच्या बाजूला अजून ऐकू येतं. चला, मांडू. ख्रिस्ती समाजाचा वाटा तेव्हा ४० टक्क्यांहून कमी होता. सोयीसाठी पुरते ४० धरू. असंही धरू की सगळ्यांनी सारख्याच प्रमाणात मतदान केलं आणि झाडून सगळ्या ख्रिस्ती मतदारांनी दोन पानांवरच शिक्का मारला. तरी ४० च होतात. दोन पानांना मिळाले ५५.५. वरचे साडेपंधरा उरलेल्या ६० मधून आले. म्हणजे ख्रिस्ती नसलेल्या मतदारांमधल्या चारातल्या एकाहून अधिकाने दोन पानं निवडली, आणि हे ते वाक्य म्हणणाऱ्यांच्या सोयीची गृहीतकं धरून. वाक्य तिथल्या तिथे मोडलं.

यात एक मर्यादा आहे, तीही सांगतो. एखाद्या तालुक्यात ख्रिस्ती वस्ती जास्त आणि पानांची मतंही जास्त, यावरून कोणत्या माणसाने काय केलं हे सिद्ध होत नाही. मत प्रदेशाचं मोजलं गेलं, माणसाचं नाही. वरच्यासारखा 'किमान इतके तरी' असा हिशोब करता येतो, 'नेमके इतके' असा नाही.

भाषेबद्दल तर एकच उदाहरण पुरे. मडगावचं 'राष्ट्रमत' हे मराठी दैनिक. विलीनीकरणाच्या विरोधात रान उठवलं ते याच पेपराने, चोख मराठीत. मराठी वाचणारा म्हणजे फूल, असं समीकरण मांडणाऱ्याने त्याचे अंक चाळावेत.

सहावी पायरी: यादीत कोण, उंबऱ्यात कोण

ही आपल्याला शिकवायला नको. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका आणि सिंधुदुर्गात १०३६. पुरुष गेले कुठे? मुंबईला. दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमीच भरली. चाकरमान्याचं नाव गावच्या यादीत असतं, माणूस लालबाग-डोंबिवली-नालासोपाऱ्यात. मतदानाच्या आदल्या रात्री गाड्या भरून आल्या तर टक्का वर, नाही आल्या तर खाली. आणि मुंबईचा पत्रकार लिहितो, 'कोकणात निरुत्साह'.

१९६७ च्या कौलातही हा वाद झाला होता. गोव्याबाहेर, विशेषतः मुंबईत, राहणाऱ्या गोवेकरांना मत मिळावं अशी विलीनीकरणाच्या विरोधकांची मागणी होती. ती मान्य झाली नाही.

मतदानाचा टक्का बदलला की निकाल किती फिरतो हे बघायचं तर चिली बघा. २०२० साली नवी घटना लिहायची का, असं विचारलं. निम्मे मतदार आले, ७८ टक्के 'हो' म्हणाले. २०२२ साली लिहिलेला मसुदा समोर ठेवला, मतदान सक्तीचं केलं; ८५ टक्क्यांच्या वर लोक आले आणि ६२ टक्क्यांनी नाकारला. दोन नकाशे शेजारी ठेवून 'लोकांचं मत बदललं' म्हणणं सोपं आहे. पण दुसऱ्या खेपेला मतदारच कितीतरी नवे होते, आणि प्रश्नही तो नव्हता.

सातवी पायरी: आता हात घाला

सार्वमताचे बारीक आकडे हाताशी नसतील तेव्हा सराव आपल्याच मतदारसंघावर करा. निवडणूक झाल्यावर प्रत्येक विधानसभा मतदारसंघाचा 'नमुना २०' तयार होतो. मतदान केंद्र आडवं, उमेदवार उभे, शेवटी वैध मतं, नोटा, एकूण. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. बऱ्याचदा स्कॅन केलेला असतो, आकडे हाताने एक्सेलमध्ये भरावे लागतात. भरा. भरताना जे दिसतं ते तयार नकाशात दिसत नाही.

मी नवख्यांना सावंतवाडी मतदारसंघ देतो, कारण सावंतवाडी, वेंगुर्ला आणि दोडामार्ग हे तिन्ही तालुके त्यात आहेत. वेंगुर्ल्याकडची रापणकरांची (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांची) केंद्रं वेगळी काढा, आंबोली घाटातली वेगळी, गोव्याच्या हद्दीला टेकलेली दोडामार्गची वेगळी. तीन ढीग करा आणि प्रत्येकाची टक्केवारी काढा. छेद कुठला घेतला ते रकान्याच्या डोक्यावर लिहा, गुरुजींचं पोस्टकार्ड येणार नाही.

टपाली मतं तळाला वेगळ्या ओळीत असतात, ती कुठल्याच गावात टाकू नका. आणि पाच वर्षांपूर्वीचं केंद्र क्रमांक ११२ हे आजचं ११२ असेल असं धरू नका. केंद्रं फोडतात, जोडतात, क्रमांक सरकतात. गावाचं आणि शाळेचं नाव जुळवूनच ओळ जोडा. तालुकेसुद्धा कायमचे नसतात. दोडामार्ग १९९९ साली झाला, सिंधुदुर्ग जिल्हाच १९८१ चा. त्याआधीचा 'रत्नागिरी जिल्हा' म्हणजे सातार्ड्यापर्यंतचा सगळा मुलूख. जुन्या आकड्याला नवा नकाशा लावला की हमखास घोटाळा होतो.

तीन ढिगांत एखादं केंद्र आपल्या ढिगापेक्षा भलतंच वेगळं निघेल. निघतंच. तिथे एक्सेल बंद करा आणि लाल परीने त्या गावी जा. मला एकदा घाटातल्या अशाच एका केंद्राचं कारण चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत कळलं: वरच्या वाडीचा पाण्याचा नळ तीन वर्षं बंद होता, आणि खालच्या वाडीचा चालू.